आधी कळावे की कळू नये?

पेसाहच्या आधीची साफसफाई चालली होती. माझी थोरली नात एका संध्याकाळी न कळवता घरी आली, ओट्यावरचे डबे पुसू लागली आणि पुसता पुसता म्हणाली, "सफ्ता, मला नववा आठवडा आहे. आणि आमचं दोघांचं रक्त सारखं निघालं. आईला अजून सांगू नकोस."

रक्त सारखे निघाले म्हणजे काय, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून आधी तेवढे सांगते. आपल्या शरीरातील बहुतेक गुणांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते. असा माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो. त्याला वाहक म्हणतात. नवरा आणि बायको दोघेही एकाच बिघाडाचे वाहक असतील तरच प्रश्न येतो. मग प्रत्येक गर्भाला चारात एक अशी शक्यता असते की दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याच वाट्याला येतील. प्रत्येक गर्भाला, हे लक्षात ठेवावे. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे नसते. फासा दर वेळी नव्याने पडतो.

माझ्या नातीच्या बाबतीत हा आजार स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, म्हणजे एसएमए, हा आहे. कण्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. त्याच्या सर्वांत वाईट प्रकारात, औषध नव्हते तेव्हा, बहुतेक मुले दोन वर्षांच्या आतच जात. हा आजार एखाद्या विशिष्ट समाजाचा नाही. सुमारे 40 ते 50 माणसांत एक वाहक असतो. नातजावयाचे आजी-आजोबा पोलंडचे, आमचे कुलाबा जिल्ह्यातले. हजारो मैलांवरून आलेले दोन बिघाड येथे अश्दोदला एका घरात भेटले.

तिचा प्रश्न साधा होता. वारेच्या पेशींची तपासणी अकराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते, किंवा थांबून सोळाव्या आठवड्यानंतर मेई शाफीर, म्हणजे गर्भजलाची तपासणी, करता येते. करावी की करू नये? सुईने गर्भ पडण्याचा धोका थोडा असतो, पण असतो. आणि निकाल वाईट आला तर? "मला कळायला हवंय की नको, तेच मला कळत नाहीये," ती म्हणाली.

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. मला माझा धाकटा भाऊ आठवत होता.

तो अलिबागला 1948 साली जन्मला. गोरा, गुटगुटीत. पण चौथ्या महिन्यातही मान धरीना. पाय हलवीना. डोळे मात्र टपोरे, येणाऱ्याजाणाऱ्याकडे टकमक बघायचा, आणि आई अंगाई म्हणू लागली की हसायचा. पुढे दूध गिळणे जड झाले. आईने खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या जागी नवस केला, मलिदा केला. पहिल्या वाढदिवसानंतर काही आठवड्यांत तो गेला. आता माझ्या नातीच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, हाच आजार असू शकेल, पण इतक्या वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून खात्रीने सांगता येणार नाही. ते ठीकच आहे.

माझ्या मनात रुतलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. आईला सातवा महिना असताना ग्रहण लागले होते, आणि त्या वेळी ती विळीवर बसून मासळी कापीत होती. घरात पाहुणे आले होते, दुसरे कोण करणार? मूल गेल्यावर आजीने एकदाच म्हटले, "ग्रहणात विळी धरलीस ना, बाई." आजी वाईट नव्हती. तिलाही नातू गेल्याचे दुःख होते आणि दुःखाला कारण हवे असते. पण आईने ते वाक्य पन्नास वर्षे जपून ठेवले. येथे आल्यावर, नेगेवच्या उन्हात, माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या आधी तिने मला जवळ घेऊन सांगितले की ग्रहणाच्या दिवशी सुरी, कात्री काही हातात धरू नकोस. तेव्हा मला कळले की ती अजून त्याच दिवसात आहे.

म्हणून "आपल्या वेळी असल्या तपासण्या नव्हत्या, आपण सुखी होतो," असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. आपण अजाण होतो हे खरे, पण त्या अजाणपणाची किंमत कोणीतरी भरत होतेच. ती बाईने भरली. बापाकडून एक प्रत आणि आईकडून एक प्रत, अगदी बरोबरीने, एवढी साधी गोष्ट कोणी माझ्या आईला सांगितली असती, तर मूल वाचले नसते, पण ती वाचली असती.

तर मग प्रश्न सुटला, तपासणी करावी, असे वाटेल. मलाही पहिल्या रात्री तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात आमच्या इमारतीतली एक बाई भेटली. तिची मुलगी डाऊन सिंड्रोमची, आता तिशीची आहे. तो आजार बहुधा आईबापाच्या रक्तातून चालत येत नाही. गर्भ तयार होतानाच 21 क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त येते, हे 1959 सालापासून माहीत आहे. ही मुलगी रोज बसने एका कारखान्यात जाते, डबे भरण्याचे काम करते, आणि शुक्रवारी मला दोन्ही हातांनी धरून शब्बात शालोम म्हणते. तिच्या आईला बसमध्ये, दवाखान्यात, दुकानाच्या रांगेत आजवर कितीदा विचारले गेले असेल: "टेस्ट केली नव्हती का?" मुलीच्या देखत विचारतात. आणि विचारतात ते आईलाच, बापाला विचारल्याचे तिला आठवत नाही.

पूर्वी विचारीत, ग्रहणात विळी धरली होतीस का? आता विचारतात, टेस्ट केली नव्हतीस का? विज्ञान बदलले, बोट दाखवण्याची दिशा बदलली नाही. तपासणीची सोय झाली की ती न करणे हा गुन्हा ठरू लागतो, आणि जे मूल काल देवाघरचे होते ते आज आईच्या निष्काळजीपणाचे होते. हे मला तपासणीपेक्षाही भयंकर वाटते.

आपल्या लोकांना चौकशीची भीती वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. 1962 साली मुख्य रब्बिनेटने निर्देश काढले की बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. मोर्चे, धरणी, उपोषणे झाली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने ठराव करून आपण सर्व अर्थांनी यहुदी आहोत असे स्पष्ट केले. मी तेव्हा वीस वर्षांची होते. आमच्या घरात दुसरा विषय नसे. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना दवाखान्यातल्या कागदावर "आईचे आजी-आजोबा कोठले?" असा प्रश्न दिसला की छातीत काहीतरी आवळते. माझ्या मुलीच्या वेळी माझेही तसेच झाले होते. बरीच वर्षे कोणत्या तपासण्या करायच्या ते मूळ पाहूनच ठरत असे, त्यामुळे तो प्रश्न टळत नसे.

पण शांतपणे विचार केला तर दोन्ही चौकश्या एक नाहीत. त्या वेळी विचारणारा आपल्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे ठरवण्यासाठी विचारीत होता. येथे उत्तर आपल्याच हाती येते. या देशात 2000 साली जनुकीय माहितीचा कायदा झाला. त्यानुसार ही माहिती ज्याची त्याची असते, आणि संमतीवाचून ती सहसा दुसऱ्याला देता येत नाही. आणि 2016 साली एका शास्त्रीय अभ्यासात दिसले की बेने इस्राएलांच्या रक्तात मध्यपूर्वेच्या यहुद्यांचा आणि भारतातल्या लोकांचा, दोघांचाही मोठा वाटा आहे. पुष्कळांना त्याचा आनंद झाला. मला झाला नाही, दुःखही झाले नाही. शेमा म्हणायला आपल्याला प्रयोगशाळेचा दाखला कधी लागला नव्हता.

खरे म्हणजे चौकशी करण्यात आपणही मागे नव्हतो. गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल हा भेद कोकणात कोणी बाहेरच्याने आणून बसवला नव्हता. मुलगी पाहायला जाताना "घराणं कसं आहे?" असे कुजबुजत आपणच विचारीत होतो. आणि नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष आणि सात बायकांची कथा आपण अभिमानाने सांगतो, पण तिचा दुसरा अर्थ आता लक्षात येतो. थोड्याशा लोकांपासून वाढलेला, शेकडो वर्षे आपापसात लग्ने करणारा कोणताही समाज असला की त्या थोड्या लोकांतला एखादा बिघाड अनेक घरांत पोचतो. अश्केनाझींमध्ये टे-सॅक्सचे तसेच झाले. त्यांच्यात सुमारे तीस माणसांत एक वाहक. त्यात लाज कसली? खलाश्याच्या पेटीत काय होते याबद्दल नातवंडांनी का शरमावे?

धर्म काय सांगतो, असे नातजावयाने विचारले. तो टोपी घालणारा नाही, पण अशा वेळी माणूस विचारतो. मी रब्बी नाही, ऐकले-वाचले तेवढे सांगते. आनुवंशिक आजार आपल्या शास्त्र्यांना नवा नव्हता. ज्या आईची दोन मुले मिलाच्या वेळी रक्त न थांबल्याने दगावली, तिच्या तिसऱ्याची मिला करू नये, असे तालमूदमध्ये आहे, आणि तो विचार सख्ख्या बहिणींच्या मुलांपर्यंत नेला आहे. म्हणजे रक्ताचा दोष आईच्या घराण्यातून येतो हे त्यांनी टिपले होते, आणि त्यासाठी देवाची आज्ञासुद्धा बाजूला ठेवली होती.

गर्भपाताविषयी मात्र मोठ्यांत एकमत नाही. 1970 नंतरच्या दशकात, टे-सॅक्सची तपासणी नुकतीच निघाली होती तेव्हा, यरुशलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी आईच्या यातना लक्षात घेऊन सातव्या महिन्यापर्यंतही परवानगी दिली. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी कडक नकार दिला. दोघेही आपल्या काळातले सर्वांत मोठे निवाडाकार. पण लग्नापूर्वी रक्त तपासून घ्यावे याला फाइनस्टाइन यांचाही पाठिंबा होता. हे मला फार महत्त्वाचे वाटते. ब्रुकलिनमधल्या रब्बी योसेफ एकस्टाइन यांची चार मुले टे-सॅक्सने गेली. त्यांनी 1983 साली दोर येशारीम ही संस्था काढली. तिथे तरुणांचे रक्त घेतात, प्रत्येकाला क्रमांक देतात, आणि स्थळ ठरू लागले की दोन क्रमांक जुळतात की नाही एवढेच सांगतात. कोण वाहक आहे ते त्यालाही सांगत नाहीत. त्यामुळे डाग लागत नाही. युक्ती चांगली, मुले वाचली. तरी मला वाटते, डागाला भिऊन केलेली ही व्यवस्था डाग आहे असे मान्यच करते. आपल्या मुलांना सत्य सांगून ते पेलायला शिकवणे अधिक बरे.

राजा हिज्कियाची कथा पुष्कळांनी कीर्तनात ऐकली असेल. त्याला आधीच दिसले होते की आपल्या पोटी दुष्ट संतान येणार, म्हणून त्याने लग्न केले नव्हते. यशया संदेष्ट्याने त्याला झापले की परमेश्वराच्या गुपितांशी तुला काय करायचे, तू आपले कर्तव्य कर. ही कथा सांगून एका गृहस्थांनी मला पटवायचा प्रयत्न केला की तपासण्या म्हणजे गुपितात नाक खुपसणे. पण मनश्शे राजा खरोखरच दुष्ट निघाला, म्हणजे हिज्कियाला दिसले ते खोटे नव्हते. ते अपुरे होते. इतिहासाच्या पुस्तकात पुढे आहे की बाबेलच्या बंदिवासात मनश्शे देवापुढे नमला. हे हिज्कियाला दिसले नव्हते.

तपासणीचेही असेच आहे. ती जीन सांगते, आयुष्य सांगत नाही. एसएमए किती तीव्र असेल याचा अंदाज शेजारच्या दुसऱ्या एका जीनच्या प्रती मोजून करतात, पण तो अंदाजच. आणि 2016 साली अमेरिकेत या आजारावरचे पहिले औषध मंजूर झाले, त्यानंतर आणखी आली. लवकर दिली तर माझ्या भावाने जे कधी केले नाही ते काही मुले करतात, बसतात, काही चालतातही. म्हणजे आधी कळण्याचा अर्थ फक्त गर्भ पाडणे असा राहिलेला नाही. जन्मल्या दिवसापासून उपचाराला तयार असणे हाही त्याचा अर्थ आहे. ज्यांना गर्भपात करायचाच नाही, त्यांनाही कळून घेण्याचा उपयोग आहे. हे माझ्या नातीला कोणी नीट सांगितले नव्हते. तिला वाटत होते की सुई टोचून घेतली म्हणजे पुढची पायरी ठरलीच.

ती पायरी आपोआप येत नाही हे कायद्यातही आहे. 1977 च्या कायद्याने येथे तीन जणांची समिती नेमली, दोन डॉक्टर आणि एक समाजसेवक. गर्भातील दोष हे एक कारण मानले जाते, पण अर्ज आईला करावा लागतो. कोणी तो तिच्यासाठी करीत नाही. करू नये.

याच सुईची दुसरी बाजू आपण महाराष्ट्रात पाहिली आहे. 1980 च्या दशकात मुंबईला गेले तेव्हा लोकलच्या डब्यात जाहिराती होत्या. त्या रोगासाठी नव्हत्या, मुलगी आहे की मुलगा हे सांगण्यासाठी होत्या. महाराष्ट्राने 1988 साली देशात पहिला कायदा करून त्याला आळा घातला, केंद्राचा कायदा 1994 चा. माझ्या चुलत नणंदेच्या शेजारणीने दोन वेळा ती तपासणी केली होती आणि ती वाईट बाई नव्हती. सासरी तिच्यामागे लागलेल्या सगळ्यांच्या वतीने तिने ते केले होते. तेव्हापासून "हा निर्णय तिचा स्वतःचा आहे" हे वाक्य ऐकले की मी आधी पाहते, खोलीत आणखी कोण कोण उभे आहे.

म्हणून शेवटी मी नातीला एवढेच विचारले: कळलं नाही तर पुढचे सहा महिने तू झोपशील का? आणि कळलं तर ते धरून ठेवायला तुझ्याजवळ कोण आहे? ती म्हणाली, झोपणार नाही, आणि तो आहे. मग तिने ठरवले. तिच्या जागी दुसरी एखादी म्हणाली असती की मला आहे तसे घ्यायचे आहे, तर मी तिलाही हो म्हटले असते आणि बसमध्ये कोणी काही विचारले तर उत्तर द्यायला बरोबर गेले असते.

परंतु लग्नापूर्वी, निदान दिवस राहण्यापूर्वी, दोघांनी रक्त तपासून घ्यावे याविषयी माझ्या मनात आता कसलाही किंतु नाही. तेव्हा वाटा अनेक असतात. नवव्या आठवड्यात त्या कमी होतात, आणि घड्याळ भिंतीवर असते. नातीनेही लग्नाआधी ते पुढे ढकलले होते, कामाच्या धांदलीत.

आणि एक गोष्ट जी मला सर्वांत जड गेली. हा दोष माझ्याकडून आला का, हे पाहण्यासाठी मीही रक्त दिले. ऐंशीच्या वर असलेल्या बाईला ही तपासणी कशाला, असे रक्त घेणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर लिहिले होते. निघाले. मी वाहक आहे. म्हणजे माझ्या भावंडांपैकीही कोणी असेल, त्यांच्या मुलांत असेल, नातवंडांत असेल. ही माहिती माझी एकटीची कशी? कायदा म्हणतो माझी. पण जी गोष्ट मला माझ्या आईबापांकडून मिळाली ती त्यांच्या सगळ्या मुलांची आहे, जशी त्यांची किद्दुशची वाटी आहे.

मी फोन केले. बहिणीच्या मुलांनी शांतपणे ऐकून घेतले. माझा एक भाचा हसून म्हणाला की आता निदान मावशीकडून काहीतरी वारसा मिळाला. एका पुतण्याने मात्र बराच वेळ काही म्हटले नाही आणि मग तो म्हणाला, "आत्या, हे आता कोणाला सांगू नका. मुलीचं ठरत आलंय." मला त्याचा राग आला नाही. घराणं कसं आहे हे विचारणारे तोंड अजून बंद झालेले नाही हे त्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत. मी त्याला म्हटले, मी कोणाला सांगणार नाही, पण तू मुलीला सांग. तिला माहीत असण्याचा हक्क तुझ्या काळजीपेक्षा मोठा आहे. आणि ज्या घरी ती जायची आहे, तिथल्या मुलानेही रक्त तपासले तर बहुधा काही निघणारही नाही. पन्नासात एक म्हणजे एकोणपन्नास घरी काही नाही. तो म्हणाला, बघतो.

तपासणीच्या दिवशी मी नातीबरोबर गेले होते. बाहेर बाकावर बसले, पर्समध्ये आईचा जुना रुमाल होता तो हातात धरला. ग्रहण वगैरे काही नव्हते, पण सकाळपासून मी सुरीला हात लावला नव्हता, हे मला बाकावर बसल्यावर लक्षात आले, आणि माझे मलाच हसू आले.

निकाल काय आला ते मी येथे लिहीत नाही. तो त्या दोघांचा आहे. माझा निकाल माझा होता, म्हणून लिहिला, आणि त्याच्यामागे आणखी घरे आहेत म्हणून संपादकांना विनंती करून खाली नाव छापू दिलेले नाही. पुतण्याचा अजून फोन नाही. हा अंक त्याच्याकडेही जातो. वाचून मी कोण ते त्याला कळेलच.